उत्तरकोटाची पोच

एका राज्यात माणसांचे बोलणे पक्षी वाहून नेत. राजधानीत त्यासाठी एक मनोरा होता आणि सीमेवरच्या प्रत्येक कोटात तसाच एकेक. मनोऱ्याला मजले चार. सर्वांत वर बोलीचा मजला. तिथे येऊन निरोप बोलावा आणि तिथल्या मानकऱ्याने तो ओला आहे तोवरच, आवाजासकट, पळसाच्या पानात धरावा. त्याखाली मोजणीचा मजला. लांब निरोप एका पक्ष्याला झेपत नाही, म्हणून तिथे त्याचे तुकडे होत. प्रत्येक तुकड्यावर भूर्जाचे वेष्टन चढे आणि त्यावर खूण पडे, की हा पहिला, हा दुसरा, हा शेवटचा. त्याखाली वाटेचा मजला. तिथे मेणकापड चढे आणि तुकडा कुठून निघाला आणि कुठे जायचा, त्या दोन्ही ठिकाणांच्या मुद्रा उठत. सर्वांत खाली पंखांचा मजला. तिथे तुकडा पक्ष्याच्या पायाला बांधला जाई आणि पक्षी पुढच्या मनोऱ्याकडे उडे.

पलीकडे हेच सारे उलट्या पावलांनी होई. तिकडे वाटेच्या मजल्याने चढवलेले मेणकापड इकडे वाटेच्याच मजल्याने उतरवायचे. तिकडच्या मोजणीची खूण इकडच्या मोजणीनेच वाचायची. दुसऱ्याचे वेष्टन कोणी उघडायचे नाही आणि आपले काम कोणी दुसऱ्यावर ढकलायचे नाही. मानकरी एकमेकांचे तोंड जन्मात पाहत नसत. पण शंभर कोसांवरच्या आपल्या जोडीदाराशी त्यांचे वचन असे, आणि ते वचन पाळले जाई.

मोजणीच्या मजल्याचा धर्म सर्वांत अवघड. तुकडा पोचला, की उलट पक्षी पाठवून त्याची पोच द्यायची. मधला एखादा आला नाही, तर वरच्या मजल्यावर काहीच जाऊ द्यायचे नाही. धाडणाऱ्याला पोच मिळाली नाही, तर त्याने तोच तुकडा पुन्हा धाडायचा. पुन्हा, आणि पुन्हा, पोच येईपर्यंत.

असे ते राज्य पिढ्यान्‌पिढ्या नांदले. मग पृथुसेन गादीवर आला. राजा दुष्ट नव्हता, पण घाईचा होता. त्याला गोड जिभेचा प्रधान भेटला. त्याचे नाव कंकाक्ष. एके दिवशी तो म्हणाला, "महाराज, आपले अर्धे पक्षी नुसते 'पोचले, पोचले' सांगत उडतात. हा मजला खातो फार आणि बोलत काहीच नाही." राजाला ते पटले. राजधानीतल्या मोजणीच्या मानकऱ्यांना पागोटी देऊन निरोप दिला, मजला रिकामा केला आणि कंकाक्षाने तिथे आपले बिऱ्हाड थाटले. निरोप लवकर येऊ लागले. राजा खूश झाला.

आता उत्तरकोटाची गोष्ट ऐका. राज्याच्या टोकाला, काळ्या दरीच्या काठावर हा कोट. जयंतसेन तिथला कोटपाल आणि अंशुमती त्याची धाकटी बहीण. आईबापांमागे भावानेच तिला वाढवली होती. राणी तिची बालपणीची सखी, म्हणून ओटीभरणाला तिला राजधानीत बोलावणे आले. ती निघाली तेव्हा जयंतसेनाने तिला दरीकडे पाहायला सांगितले. दरीच्या तळाशी राखाडी काहीतरी हलत होते. ते शिळाधुके. ज्याला शिवते त्याचा दगड करते. त्याला एकच उतारा होता, राजाच्या भांडारातला रत्नदीप. धुके चढू लागले तर दीप मागवीन, असे तो म्हणाला.

राजधानीत पाऊल ठेवताच अंशुमतीने हे राजाच्या कानावर घातले. राजाने शब्द दिला, की निरोप येताच दीप निघेल. दीप भांडारातून काढला गेला, घोड्यांवर खोगिरे चढली.

ओटीभरणाच्या दिवशी दरबारात निरोप आला. पान उलगडले आणि जयंतसेनाचा आवाज घुमला, "धुके नाही."

राजा हसला. थोड्या वेळाने पुन्हा पान उलगडले, "धुके नाही." आणि पुन्हा, "धुके नाही." कोटपालांना आनंद आवरेना, असे कोणीतरी म्हणाले आणि सगळा दरबार हसला. अंशुमतीही हसली. दिवसभर तेच दोन शब्द येत राहिले. आवाज चढत गेला, मग घोगरा झाला, मग फाटला. तिला वाटले, दादा चेष्टा करतो आहे. उन्हे उतरली तसे शब्द यायचे थांबले. घोड्यांची खोगिरे उतरवली, दीप भांडारात गेला, आणि पानात पुरणपोळ्या वाढल्या गेल्या.

सणाची वस्त्रे घेऊन अंशुमती उत्तरकोटाला परतली तेव्हा धुके पुन्हा दरीत उतरले होते आणि वेशीवर तिला कोणी सामोरे आले नाही. वेशीचे रखवालदार उभे होते, पण दगडाचे. पाणवठ्यावर घागर उचलणाऱ्या बायका दगडाच्या, त्यांच्या घागरींतून ओघळलेले पाणीही दगडाचे. अंगणात एक मूल रांगता रांगता थांबले होते. ती धावत मनोऱ्यावर चढली. पंखांच्या मजल्यावर पिंजरे उघडे होते, पक्षी एकही नव्हता. मोजणीच्या मजल्यावर म्हातारा मानकरी गवाक्षातून वाकून राजधानीच्या दिशेने पाहत होता, कपाळावर हात आडवा धरून. आणि बोलीच्या मजल्यावर तिचा भाऊ उभा होता. त्याचे तोंड उघडे होते. तो बोलता बोलताच दगड झाला होता.

तिने त्याच्या पायांना मिठी मारली. रडू ओसरल्यावर तिच्या मनात जे आले ते दुःखापेक्षा वाईट होते. दादा, तूच म्हणालास धुके नाही. मग हे काय?

तेवढ्यात गवाक्षात एक टिटवी येऊन पडली. तिचा एक पंख उपटलेला होता. अंशुमतीने तिला पाणी पाजले तेव्हा ती बोलू लागली. ती म्हणाली, की निरोप चार पक्ष्यांवर निघाला होता. पहिल्याकडे 'धुके', तिसऱ्याकडे 'नाही', चौथ्याकडे 'दीप हवा'. दुसरी ती स्वतः.

"आणि तुझ्याकडे काय होते?"

"माझे काम न्यायचे, बाई, ऐकायचे नाही. पण निघताना कोटपालांचा आवाज कानी पडला. पुरा निरोप असा होता: धुके आता दूर नाही, दीप हवा."

अंशुमतीने पहिला आणि तिसरा तुकडा जोडून पाहिला: धुके नाही. मग तिने विचारले, तुझा तुकडा कुठे गेला? टिटवीने सांगितले, की राजधानीच्या अलीकडे बोडक्या डोंगरावर एक धुरकट घुबड राहते. कोणाला जाऊ द्यायचे आणि कोणाला धरायचे ते त्याला ठाऊक असते. त्याने तिला आणि चौथ्याला धरले, पायांचे तुकडे काढून घेतले आणि गुहेत कोंडले. रांगत रांगत ती आता सुटून आली होती. तिने आणखीही एक सांगितले. पक्ष्यांत ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, की न पोचलेल्या निरोपाचा शाप नुसत्या दीपाने सुटत नाही. दीप धुके पळवील, पण झालेला दगड तसाच राहील. अडकलेला निरोप पुरा, क्रमाने, ज्याचा त्याला पोचला पाहिजे, आणि ज्याचा त्याने स्वतःच्या तोंडाने पोच दिली पाहिजे.

"तुला कोणी शोधायला आले नाही?" अंशुमतीने विचारले.

"तिकडे कोणी मोजत नव्हते, बाई. मग मी हरवले हे कळणार कोणाला?"

अंशुमतीने टिटवीला ओच्यात घेतले आणि ती आल्या पावली माघारी फिरली. वाटभर तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही. छातीत आग असली की पाणी वर येत नाही.

राजधानीच्या मनोऱ्यात ती खालून वर गेली. पंखांच्या मानकऱ्याने सांगितले, की जे पक्षी आले त्यांच्या पायांचे तुकडे त्याने जसेच्या तसे वर दिले. वाटेचा मानकरी म्हणाला, की जायची मुद्रा राजधानीची होती, त्याने मेणकापड उतरवले आणि तुकडे वर दिले. त्याच्या वरच्या मजल्यावर गालिचे होते, तक्के होते, अत्तरदाणी होती, आणि कंकाक्षाचे नोकर तिला जिन्यावरून हटकत होते. बोलीचा मानकरी म्हणाला, की खालून जे आले ते त्याने दरबारात ऐकवले. भूर्जाची साल हल्ली तो सोलून टाकून देतो, कारण ती वाचणारे कोणी उरले नाही. तिघेही खरे बोलत होते. तिघांनीही आपापले काम चोख केले होते. आणि एक अख्खा कोट दगड होऊन पडला होता!

ती दरबारात उभी राहिली. तिने सारे सांगितले. राजाचा चेहरा उतरला, पण कंकाक्षाने त्याच्या कानाशी लागून काही सांगितले तसा तो सावरला. इतक्या मोठ्या राज्यात चार शब्द गळायचेच, असे कंकाक्ष मध उतू जावा तशा आवाजात म्हणाला. शिवाय पुरावा काय? एक पंख तुटलेली टिटवी?

"दुःख आम्हालाही आहे, अंशुमती," राजा म्हणाला. "पण आम्ही जे ऐकले त्यावर वागलो. यात आमचा दोष तो काय?"

"जे ऐकायला आले नाही त्याची चौकशी करणारा मजला आपण काढून टाकलात, महाराज. तो दोष."

राजा संतापला, पण बोलला एवढेच, की ते शब्द आणून दाखव, मग पाहू. अंशुमतीने मुजरा केला नाही. ती तशीच बाहेर पडली.

बोडक्या डोंगराच्या पायथ्याशी वाऱ्याची खिंड होती. खिंडीच्या तोंडाशी एक म्हातारा गरुड बसला होता. तो म्हणाला, पलीकडे जायचे तर हे गाठोडे पलीकडच्या झाडापर्यंत ने, आत काय आहे ते विचारू नकोस. गाठोडे कधी बर्फासारखे गार होई, कधी निखाऱ्यासारखे तापे, मध्येच त्यातून कोणी कण्हे. वारा तिला कड्यावर आपटत होता. तळहात भाजले तरी तिने गाठ सोडली नाही आणि विचारलेही नाही. झाडाशी तिने ते ठेवले. पहिले काम झाले.

पुढे डोंगरावर वाटांचे जाळे होते. प्रत्येक फाट्यावर एक बोलका दगड होता, आणि प्रत्येक दगड फक्त पुढच्या दगडाची दिशा सांगे. गुहा कुठे आहे, किती दूर आहे, हे एकालाही माहीत नव्हते. एके ठिकाणी दगडाने तिला चक्क उलट दिशा दाखवली. ती रागाने पुढे निघून जाणार होती. पण टिटवी म्हणाली, की पुढची वाट दरडीने बुजली आहे हे त्या दगडाला ठाऊक असेल, तुला नाही. अंशुमती मुकाट्याने वळली. तो वळसा घेऊनच ती गुहेच्या तोंडाशी पोचली. दुसरे काम झाले.

गुहेच्या दारात नाग वेटोळे घालून बसला होता. तो म्हणाला, "हा शब्दांचा खजिना आहे. दुसऱ्याचा शब्द उचलणारा जागच्या जागी मुका होतो. तुझ्यासाठी निघालेला असेल तो उचल."

"माझ्यासाठी नाही. राजासाठी निघालेला आहे, आणि मी तो नेणारी आहे."

"मग नेणाऱ्याच्या नियमाने ने. वरची मुद्रा पाहा, आतली खूण पाहा. पान उघडलेस, तर शब्द इथेच बोलून संपेल."

आत अंधार नव्हता. कोंडलेल्या शब्दांचाच मंद उजेड होता. ढिगाऱ्यांवर ढिगारे. कुणा बाईचे 'मी सुखरूप', कुणा बापाचे 'लवकर ये', कुणाचे 'क्षमा कर', सारी भूर्जात गुंडाळलेली, सारी न पोचलेली. मधोमध एक चौरंग होता आणि त्यावर नुसती रिकामी पाने. नागाने सांगितले, की त्याचा धनी एकेक शब्द इथे बसून खातो. त्यानेच त्याची जीभ इतकी गोड झाली. मनात येईल तेव्हा तो माणूस होतो आणि राजाच्या उजव्या हाताला बसतो.

अंशुमतीला आश्चर्य वाटले नाही. ती उत्तरकोटाची मुद्रा शोधत राहिली आणि एका कोपऱ्यात तिला ती सापडली. पण तुकडा एकच नव्हता. तिथे डोंगर होता. एकेका तुकड्यावर तीच मुद्रा, आणि आत त्याच दोन खुणा: चारांतला दुसरा. चारांतला चौथा. चारांतला दुसरा. चारांतला चौथा. उत्तरकोटात मोजणीचा मजला होता. राजधानीकडून पोच येत नव्हती, म्हणून म्हाताऱ्या मानकऱ्याने चारही तुकडे पुन्हा धाडले होते, आणि पुन्हा, आणि पुन्हा, पिंजऱ्यातला शेवटचा पक्षी उडेपर्यंत. शिरस्त्याप्रमाणे. प्रत्येक वेळी दादा नव्याने बोलला होता, म्हणून आवाज फाटला होता. धुके जिना चढत होते आणि दादा बोलत होता. आणि इकडे दरबारात दरवेळी दोनच तुकडे पोचत होते. आणि आम्ही हसत होतो.

ती खाली बसली. ओंजळीतल्या भूर्जाआड भावाचा आवाज उबदार लागत होता. एकदा ऐकावा, एकच, असे तिला वाटले. इतके तर आहेत. तिने वेष्टनाच्या कडेला नख लावलेही. मग तिने दात आवळले आणि ते सगळे तुकडे, एकही न उघडता, शालीत बांधले. नागाने वाट सोडली. तिसरे काम झाले.

राजधानीच्या मनोऱ्यात तिने गाठोडे पंखांच्या मजल्यावर ठेवले. पंखांच्या मानकऱ्याने ते वर दिले. वाटेच्या मानकऱ्याने मुद्रा पाहिली, मेणकापडे उतरवली आणि तो थबकला. वर मजलाच नव्हता. अंशुमतीने त्याला थांबायला सांगितले. ती जिना चढली, तिने गालिचे गुंडाळून जिन्यावरून खाली लोटले, त्यामागे तक्के, त्यामागे अत्तरदाणी. मोकळ्या फरशीवर ती मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता द्या."

आरडाओरडा ऐकून राजा वर आला, त्याच्यामागे कंकाक्ष. कंकाक्ष पुढे होऊन गोड बोलू लागला. अंशुमतीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिने चारांतला दुसरा फरशीवर ठेवला, चारांतला चौथा ठेवला. बोलीच्या मानकऱ्याने सोललेल्या सालींत न सोलता, न उलगडता राहून गेलेली त्याच निरोपाची दोन पाने आणून दिली, पहिले आणि तिसरे. तिने चारही क्रमाने लावली आणि वर दिली.

वरून जयंतसेनाचा आवाज आला. तो चेष्टेचा नव्हता.

"धुके आता दूर नाही. दीप हवा."

कंकाक्षाचा रंग उडाला. राजा भिंतीला टेकला. अंशुमतीने गाठोड्यातला आणखी एक तुकडा उचलला, आणि आणखी एक. ज्यांची जोडीची पाने दरबारात विरली होती त्यांचे अर्धेच शब्द ऐकू आले. "आता दूर." "दीप हवा." "आता दूर." "दीप हवा." आवाज घोगरा होत गेला. राजाने हात वर केला, पुरे म्हणून. ती थांबली नाही. शेवटच्या तुकड्यात शब्द धड उमटलाच नव्हता, नुसता श्वास होता.

"पोच द्या, महाराज," ती म्हणाली.

"अंशुमती, आम्हाला..."

"खेद नको. पोच द्या."

राजाने मान खाली घातली. "पोचले," तो म्हणाला. "पुरे पोचले. आणि ऐकायला आम्हीच नव्हतो."

ते शब्द उच्चारले गेले तसे कंकाक्षाचे तोंड उघडले आणि त्यातून इतरांचे शब्द बाहेर पडू लागले, बायकांचे, मुलांचे, परगावच्या बोलींतले, थव्याने. ते गवाक्षातून आपापल्या वाटेला उडून गेले. गुहेतलेही उडाले. शेवटी त्याच्याकडे स्वतःचा एक शब्दही उरला नाही. तिथे एक धुरकट घुबड बसले होते, आणि त्याला घुत्कारही करता येत नव्हता.

दीप त्याच दिवशी उत्तरेला निघाला. या वेळी तो राजाने स्वतः हाती धरला होता. दरीतले धुके उजेडापुढे दुधासारखे फाटले. कोटात पाणवठ्यावरचे पाणी आधी ओघळले, मग घागरी हलल्या, मग मूल रांगत उंबऱ्यापर्यंत गेले आणि आईने ते उचलले. मनोऱ्यावर जयंतसेनाने उघडे तोंड मिटले. बहीण समोर पाहून तो म्हणाला, "अंशू, तू इतकी काळवंडलीस कशी?" तेव्हा कुठे तिला रडू आले.

मोजणीचा मजला पुन्हा भरला, जुने मानकरी सन्मानाने परत आले, आणि कोणत्याही राजाने कोणताही मजला काढू नये अशी राजाज्ञा झाली. राजाने अंशुमतीला गावे देऊ केली, रत्ने देऊ केली. तिने ती घेतली नाहीत. तिने मागितले ते वेगळेच. महाराजांनी उत्तरकोटात दारोदार जावे, आणि ज्याला जे बोलायचे असेल ते त्याने पुरे बोलेपर्यंत उभे राहावे. मध्ये बोलू नये, कारण सांगू नये, निघून जाऊ नये.

प्रधानमंडळाला हे फार वाटले. राजा मात्र मुकुट काढून निघाला.

कोणी थोडक्यात बोलले, कोणी नुसतेच पाहत राहिले. पाणवठ्याजवळच्या घरात एक म्हातारी होती. दगड होताना तिचा नातू तिच्यापासून हातभर अंतरावर होता, आणि तिला हलता येत नव्हते पण दिसत होते. सगळे दिवस दिसत होते. ती बोलू लागली तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. ऊन डोक्यावर आले, कलले, अंगणाबाहेर गेले. राजा उभा होता. म्हातारीने पाणी प्यायला थांबून विचारले, दमलास का? तो म्हणाला, नाही, आजी. मग ती पुढे बोलू लागली.

सांगणाऱ्याचे सांगून झाले. ज्याचे कोणी ऐकले नाही, त्याचे असेच शेवटपर्यंत ऐकले जावो.